सासूजवळच सासूचं गाऱ्हाणं

माझी सुपारी फुटली आणि त्याच साली दुष्काळ पडला. विहिरीनं तळ दाखवला, वऱ्हाडाला पाजायला पाणी कुठलं? लग्न पुढं ढकललं. लोक हळहळले, मी मात्र आतून खूश! शाळा चौथीतच सुटली होती, पण भावाची पुस्तकं वाचून सातवीची परीक्षा बाहेरून द्यायची, असं मनात होतं. सासरचा निरोप आला, "शिकणं पुरे झालं."

त्या साली सगळं गाव तलावाच्या कामावर. दहा गावच्या बाया ओळीनं उभ्या राहून मातीची टोपली हातोहात पुढं द्यायच्या. दुपारच्या सुट्टीत मी पुस्तक काढलं की शेजारची बाई विचारायची, "लगीन ठरलंय म्हणतीस, मग हे कामून?"

मला आधीच बोलायची खोड. "सासूला अक्षर येत न्हाई, मावशी. सुनेला आलेलं कसं खपंल?"

"लई खट दिसती तुझी सासू."

"खट म्हंजे! तोंड बघितलं न्हाई मी, पण निरोपावरनं कळतंय की."

खरंच बघितलं नव्हतं. सुपारीच्या दिवशी मुलीनं मान वर करायची रीतच नव्हती. पाहुण्यांची नुसती पावलं बघितली होती.

आठ दिवसांनी माझे वडील, अण्णा, माझी भाकरी घेऊन आले आणि त्या बाईला बघून हात जोडले. "शरणार्थ, विहीणबाई! तुम्ही पण हितंच?"

मोडलं लग्न, गेली अण्णांची अब्रू!

"लेक तुमची लई बोलती," त्या म्हणाल्या. "आठ दिस माझंच गाऱ्हाणं मला सांगून राहिली." अण्णा पांढरे पडले. "पण खोटं न्हाई सांगितलं. मजुरी देताना अंगठा घेतो तो कारकून माझा हात असा धरतो, जसा बकरीचा कान. हिचं तसं नगं. परीक्षा होऊ द्या, मग अक्षता टाकू." माझ्याकडं वळल्या, "अन् नापास झालीस तर तोंड दाखवू नगस."

पास झाले. गणितात काठावर, पण झाले.

लग्नानंतर काही वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला, आमच्या गावाला बालवाडी मिळाली. सातवी शिकलेली बाई पाहिजे होती, गावात मी एकटीच. मुलाखत लातूरला. घरात कुरकुर सुरू झाली, भाकरी कोण करील?

सासूबाई चुलीपुढूनच लेकावर ओरडल्या, "मी थापून राहिले, दिसत न्हाई? जा, तिला गाडीत बसवून ये."

"एकटी जाईल ती?"

"नोकरी तिला करायची का तुला?"

मी गेले.