आप्पांचा थोरला

"बाई, तुमची सावली पडतीय वेलावर. सरका जरा."

ह्यांच्या नोकरीमुळे दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आले तेव्हा शेजारच्या आप्पांनी माझ्याशी काढलेले हे पहिले शब्द. मी मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. ओळख करून घ्यावी म्हणून हसतमुखाने कुंपणाशी गेले होते. सरकले. नंतरही त्या कुंपणाशी मी कायम जपूनच उभी राहिले.

आप्पा लोको शेडमध्ये फिटर. मागचं अंगण जेमतेम दोन खाटांचं, आणि त्यात ते दरवर्षी एकच लाल भोपळा वाढवत. तो असा माजे की उचलायला शेडमधले दोन हमाल लागत. एक फळ धरलं की वेलावरची बाकी सगळी फळं आप्पा नखाने खुडून टाकत. "एकालाच पोसायचं, बाई. बाकीच्यांची माया धरायची न्हाई," असं वर मलाच समजावत. सकाळी उठून आधी भोपळ्यावर थाप मारायची, कान लावून आवाज ऐकायचा आणि मगच चहा. घरातल्या माणसांशी ते चहानंतरही बोलत नसत.

न्हाणीघराचं पाणी चरातून वेलाला जाई. साबणाने वेल जळतो म्हणून घरातल्या बायकांना साबण बंद. स्वतः आप्पा मात्र शेडच्या नळावर लाल साबणाने खसाखसा अंग घासून येत. उन्हाच्या दिवसांत भोपळ्यावर सावली धरायला यमुनामावशींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, चांगलं धड लुगडं जाई. मावशी एकदा काही बोलायला गेल्या, तर म्हणाले, "तू घरात बसती. त्यो उन्हात बसतोय." मला हा माणूस मुळीच आवडत नसे. पण कळीला हात लावताना त्यांची ती काळी, राठ बोटं इतकी हलकी होत, की मी हातातलं काम टाकून बघत राही. तो हात कुणा माणसाच्या वाट्याला आलेला मी पाहिला नाही.

मुलगा वसंता भुसावळला नोकरीला. तिथे जागा मिळेपर्यंत त्याची बायको शांता सासरीच होती. इनामगावकडची, घोडनदीत पोहत वाढलेली धीट पोरगी. आप्पांच्या घरात वर्षभरात तिचा आवाज बसला. तिला दिवस गेले तेव्हा वसंताने तिच्यासाठी दुधाचा रतीब लावून दिला. ते दिवस रेशनच्या मिलो ज्वारीचे. दूध म्हणजे चैन. आप्पांनी वेलाला देठापाशी बारीक चीर पाडली, तीत सुताची वात घातली आणि वातीचं दुसरं टोक त्या दुधाच्या पेल्यात सोडलं. मी कुंपणावरून म्हटलं, "आप्पा, ते पोरीचं दूध आहे हो."

"पोरीला भाकर हाय की. ह्याला दात हायती का भाकर खायाला?"

मार्गशीर्षात भोपळा उतरवला. पुढच्या खोलीत चौरंगावर मांडला. शेडमधली माणसं येऊन बघून गेली. शांताला घारगे खायची वासना होती. भोपळा घरचा थोरला मुलगा मानतात. बाईने त्याला पहिली सुरी लावायची नाही, पुरुषाने लावायची. घरात पुरुष एकच. भीत भीत ती म्हणाली, "मामंजी, येवढी सुरी लावून द्या. घारगं करीन म्हन्ते."

"थोरल्यावर सुरी? आन् तुझ्या जिभंसाठी? त्यो ठिवायचा हाय."

शांताला आठव्या महिन्यातच मुलगी झाली आणि दिवस मावळायच्या आत गेली. घारगे मिळाले नाहीत म्हणून गेली, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. आप्पा मात्र म्हणाले, "खुडलं म्हनायचं." शांता शेजारच्या खोलीत होती. तिने ते ऐकलं. माहेरी गेली ती परत त्या घरात आली नाही.

शिमग्याच्या आधी आप्पांवरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी, वाचा बंद. सुरी धरायचा हातच गेला. चौरंगावरचा भोपळा दिसेल अशी खाट टाकून मावशींनी त्यांना झोपवलं. मला वाटलं, नवऱ्याच्या समाधानासाठीच टाकली.

एका दुपारी मावशींनी मला हाक मारली. भोपळा त्यांनी चौरंगावरून लोटत खाटेसमोर जमिनीवर उतरवला होता. कोयता हातात. मी म्हटलं, "मावशी, ह्यांना बोलावते, पहिली सुरी..."

"कशाला, बाई? म्याच लावती."

पहिला घाव बसला तसे आप्पा घशातून ओरडले. मावशींनी मागे वळून पाहिलं नाही. गर केशरी, लख्ख निघाला. त्यांनी घारगे तळले, सगळ्या चाळीला वाटले, आणि शांतासाठी मोठा डबा तिच्या माहेरी, शिरूरच्या गाडीने जाणाऱ्या माणसाबरोबर धाडला. आप्पांना नेहमीची पेज.

बिया एका ताटात होत्या. आप्पांनी जन्मभर निवडून निवडून राखलेलं वाण. ते डाव्या हाताने ताटाकडे खुणा करत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मावशींनी ताट उचललं. आप्पांना वाटलं, जवळ आणतेय; त्यांचा हात पुढे आला. मावशींनी बिया सगळ्या तव्यावर ओतल्या, वर मीठ टाकलं आणि भाजून मूठभर माझ्या हातावर ठेवल्या.

"खावा, बाई. चांगलं बी हाय."

आप्पा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर बसून सगळ्या खाल्ल्या. खमंग झाल्या होत्या.