सुर्वेसरांचा पसंतीक्रम

इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा मोसम आला, की बडोद्यात फतेगंजमधल्या आमच्या हेल्प सेंटरवर फॉर्म थोडे आणि किस्से फार! विसरू म्हटलं तरी विसरत नाहीत. त्यातले निम्मे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सुर्वेसरांचे. यंदा तर त्यांची एकुलती एक रुचाच प्रवेशाला होती. वहिनी गेल्यापासून तरसालीच्या घरात बापलेक दोघंच. रुचाला सुरतचं कॉलेज हवं होतं आणि मार्कही तेवढे होते. ती गेली की सर एकटे पडणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सर मात्र हसवत सुटले होते.

*

कॉम्प्युटर पसंतीची यादी वरून वाचत येतो. मार्कांत बसेल ती पहिली सीट देतो, खालचं बघतही नाही. म्हणून सरांचं एकच सांगणं, "आधी मनातलं, मग मिळण्यासारखं."

एक गृहस्थ ऐकेनात. मिळणारंच वर लिहायचं, हा त्यांचा हट्ट. "साहेब, जे मळी जाय एज पहेलुं लखाय ने?"

सर म्हणाले, "लीलो चेवडो खावो होय तो दुकाने जईने ममरा मागो छो?"

चिवडा खायचा असताना दुकानात कुरमुरे कोण मागेल! गृहस्थांनी मुकाट्यानं यादी बदलली.

*

मॉक राउंड म्हणजे नुसती तालीम. तिचा निकाल बघून एक आजोबा पेढेच घेऊन आले! मी म्हटलं, "आजोबा, ही खरी सीट नाही हो!"

"असं? मग पेढे परत द्या!"

सरांच्या तोंडात तोवर दुसरा पेढा होता.

*

अकोट्याच्या एका बाईंच्या यादीत सगळी कॉलेजं घरापासून स्कूटरच्या टप्प्यातली! विचारलं, "शाखा कुठली हवी?"

"कुठलीही चालेल हो, मुलगा संध्याकाळी जेवायला घरी आला पाहिजे!"

सगळे हसले. सर नाही हसले. "बाईंचं काही चुकत नाही," एवढंच म्हणाले आणि समोरचा चहा तसाच ठेवून उठले. मला फार वाईट वाटलं.

*

शेवटच्या दिवशी रुचा आली. यादीत बडोदं पहिलं, सुरत चौथं!

"हे मनातलं?" सरांनी विचारलं.

"हो, बाबा."

"माझ्या टेबलावर चुकीचा क्रम चालत नाही." त्यांनी माउस ओढून घेतला आणि सुरत सगळ्यात वर नेलं.

"अहो बाबा, पण तुम्ही..."

"मला कुकर लावता येतो."

यादी लॉक करायला ओटीपी लागतो. तो सरांच्या मोबाइलवर आला. "सांगा ना, बाबा." सर आकड्यांकडे नुसते बघत राहिले. वेळ संपली. दुसरा मागवला, तोही तसाच गेला.

तिसऱ्या वेळी त्यांनी मोबाइलच तिच्यापुढे धरला. "तूच वाच गं. चष्मा घरी राहिलाय."

रुचानं आकडे टाकले, यादी लॉक केली.

चष्मा सरांच्या नाकावरच होता!