वनिताचे चार कॉम्प्युटर अन् शांताबाईंचं लिंबू

"वनितानं सगळे कॉम्प्युटर पुसले म्हणे, अन् आता त्या गाळ्यात..."

पिठाच्या गिरणीत एवढंच कानावर आलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला! पुढचं वाक्य घरघरीत गेलं. सांगणारी बाई डबा उचलून निघूनही गेली. आता मला सांगा, अर्धी बातमी पोटात घेऊन माणसानं भाकरी तरी कशी थापावी?

दळण तिथंच ठेवलं आणि थेट वनिताचं दुकान गाठलं. वनिता माझी शेजारीण. आमची भिंत एकच, तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजते. डोणगावच्या स्टँडसमोर तिचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, सगळं ती एकटी पाहते. त्या दिवसापासून मी काही ना काही निमित्तानं तिथं जाऊन बसते, आणि आता किस्से इतके साचलेत की एक सांगायला घेतला की दुसरा त्याचा पदर धरून येतो. माझं शिक्षण सातवी. कॉम्प्युटरचं काही चुकलं तर सांभाळून घ्या.

*

झालं होतं असं. दिवाळीनंतर एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि सगळ्या फायलींना कुलूप लागलं. जुन्या पत्रिका, फॉर्म, सगळं गेलं. आतली विंडोज चोरीची कॉपी, मग दाद मागायची कोणाकडे? बुलढाण्याला कॉलेजात शिकवणारा तिचा भाऊ आला आणि त्यानं विंडोज काढून तिच्या जागी लिनक्स नावाचं दुसरं काहीतरी टाकून दिलं. तेही फुकट!

'फुकट' ऐकलं अन् तिचे सासरे, गुलाबराव, खुर्चीतून उठलेच. गाळा त्यांच्या नावावर आहे.

"फुकटची वस्तू धंद्यात? कच्ची असन!"

वनिता म्हणाली, "मामाजी, शेगावचा महाप्रसाद फुकटच असते ना? तो का कच्चा राह्यते?"

गुलाबराव भक्त माणूस. तिथल्या तिथं हात जोडले. पण दारातून वळून बोललेच, "आखाजीपर्यंत पाह्यतो. नाही जमलं तर गाळा पुतण्याले. तो मोबाइलचं दुकान टाकतो म्हणते."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तेवढीच मुदत! वनिता झेरॉक्सच्या मशीनवरची धूळ पुसत राहिली. धूळ नव्हतीच. सात वर्षं तिनं त्या गाळ्यात काढली आहेत. लग्न होऊन आली तेव्हा तिथं खताची रिकामी पोती होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

*

खोट काढायची तर आधी शिकावं लागतं, म्हणून गुलाबराव रोज दुकानात येऊन बसायला लागले.

एक दिवस वनिता बँकेत गेली, ती दुपारभर रांगेतच अडकली. प्रिंटरचं काहीतरी बसवायचं राहिलं होतं आणि कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर पासवर्ड मागत होता. गुलाबरावांना पासवर्ड माहीत होता. त्यांनी एक बटण दाबलं. पडद्यावर काही नाही! दुसरं दाबलं. काही नाही! मग जोरात दाबलं. मग कीबोर्ड उलटा करून झटकला, फुंकर मारली, आणि शेवटी मेहकरला जाणाऱ्या माणसाकडून नवा कीबोर्ड मागवला.

नव्यावरही तेच!

वनिता आली तेव्हा ते घामाघूम झाले होते. ती म्हणाली, "मामाजी, तो पासवर्ड दिसतच नाही. पण आत जाऊन राह्यला असते. पुरा टाकायचा अन् एंटर मारायचं."

गुलाबरावांनी तसं केलं. चाललं! कीबोर्ड मागं सारून म्हणाले, "आंतरपाटासारखं आहे मंग हे! समोर कोण उभं आहे दिसत नाही, पण अक्षता पडूनच राह्यल्या!"

*

लग्नसराई लागली अन् खरा घोळ झाला.

एका घरच्यांनी थोरल्या मुलाच्या लग्नातली पत्रिका पेनड्राइव्हवर आणली, फाइल जुन्या प्रोग्रामची. "फक्त नवरा-नवरी बदला, बाकी तेच ठेवा." नव्या प्रोग्राममध्ये ती उघडली तर ओळी खाली सरकल्या. वनितानं बहुतेक जागेवर आणल्या आणि प्रूफ काढलं.

प्रूफ तपासायला घरातले पाच जण आले. आपल्याकडं प्रूफ कसं तपासतात ते तुम्हाला माहीत आहेच. प्रत्येकानं आपापलं नाव शोधलं, "बरोबर आहे" म्हटलं आणि गेला! सगळ्या पत्रिका छापून झाल्या.

आला नव्हता एकच माणूस, नवरदेवाचे काका नामदेवराव. माजी सरपंच, आणि घरच्यांवर रुसलेले. नेमकी त्यांचीच ओळ सरकलेली! पत्रिकेच्या तळाशी 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं!' असं असतं ना लेकरांचं? तिथं चिंटू, परी, स्वरा आणि श्री. नामदेवराव (माजी सरपंच)!

पत्रिका वाटल्यावर कळलं. वनिता मला म्हणाली, "काकू, आता मामाजी आखाजीची वाटच नाही पाहत."

तिसऱ्या दिवशी नामदेवराव स्वतः दुकानाच्या पायरीवर! हातात पत्रिका. गुलाबराव समोरच बसलेले. मी हळूच खुर्ची मागं सरकवली, पण उठले नाही. असा प्रसंग सोडून कोण जातं?

"कोणं छापलं हे?"

"मी," वनिता म्हणाली. "चूक माही आहे. सगळ्या नव्या छापून देते."

"खबरदार छापल्या तर!" नामदेवराव म्हणाले. "तीस वर्षं झाली, वरच्या यादीत माह्य नाव राह्यते. कोणी वाचलं नाही. ह्या खेपेले अख्ख्या गावानं वाचलं बे! सात जणायचे फोन आले!"

लग्नाला गेले ते. लेकरांच्या पंगतीत बसून जेवले!

*

परीक्षेच्या फॉर्मच्या दिवसांत पुन्हा पेनड्राइव्हवाला व्हायरस फिरला. स्टँडवरची कॉम्प्युटरची दोन दुकानं बंद पडली. वनिताचं चालू! रांग थेट रसवंतीपर्यंत गेली. गुलाबराव स्वतः रांग लावत होते, "एकेक या रे, धकलू नका!"

वनिता खुशीत मला सांगत होती, "काकू, तो व्हायरस विंडोजसाठी बनवेल आहे. लिनक्सले लागतच नाही."

तिची सासू शांताबाई दारात पिशवी घेऊन उभी होती. दिवाळीच्या त्या प्रकारापासून तिनं चारही कॉम्प्युटरांना लिंबू-मिरची बांधली होती. ती म्हणाली, "लिनक्स-फिनक्स राहू दे वं. दर शनिवारी लिंबू कोण बदलून राह्यलं?"

*

आखाजी आली. सकाळीच पुतण्या टेप घेऊन हजर.

"काका, माप घेऊ का गाळ्याचं?"

गुलाबराव काळ्या पडद्यापुढं बसलेले. मान वर न करता म्हणाले, "थांब बे! पासवर्ड टाकून राह्यलो. मधात बोलू नको."

पुतण्या थांबला. मी थांबले. वनिता तर झेरॉक्सचा कागद हातात धरूनच थांबली. एंटर दाबून झाल्यावर गुलाबराव म्हणाले, "माप घ्याचं तं स्टँडच्या मांगचा गाळा पाह्य. हा चालू आहे."

वनितानं पाठ फिरवली आणि सरळच असलेला कागदांचा गठ्ठा पुन्हा सरळ केला. 

गिरणीतली ती बाई मला परवा भेटली. म्हटलं, "बाई, तुझी बातमी अर्धीच खरी. गाळा जिथल्या तिथं आहे. अन् पुसलेले कॉम्प्युटर चार नाहीत, तीन." चौथा कोपऱ्यात विंडोजवरच आहे, आता पक्की, विकत घेतलेली. अंगठा लावायचं मशीन लिनक्सवर चालेना, त्याला वनिता काय करणार?

पण खरी गंमत आखाजीनंतरच्या शनिवारची. शांताबाई नेहमीसारखी चार ताजी लिंबं घेऊन आली. चारही कॉम्प्युटरांची जुनी लिंबं तिनं सोडली. मग कोपऱ्यातल्या त्या एकाला नवं लिंबू-मिरची बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि हात झटकले.

"अन् बाकीच्यायले?" मी विचारलं.

उरलेल्या तीन ताज्या लिंबांचं तिनं आम्हाला सरबत पाजलं.