शे म्हणायचं नाही

आमच्या गावच्या मंडळींनी समाजमंदिरात संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली. सतरंजी एकाने दिली, फळा सुताराने करून दिला, दिव्याचं रॉकेल घरटी पाळीने. शिकवायला मी. अमळनेरहून बी.ए. होऊन रिकामाच होतो. तिथे कॉलेजात सुरुवातीलाच माझ्या तोंडून 'शे' गेलं होतं आणि वर्ग हसला होता. आम्ही 'आहे'ला 'शे' म्हणतो, एवढंच. तेव्हापासून मी जपून बोलायचो.

अभ्यासिकेत मी नियम केला: जो 'शे' म्हणेल तो बाहेर पायरीवर उभा राहील. लोकांना आवडला. "मास्तर सायबासारखं बोलाले शिकाडस," म्हणायचे.

चौथीतली एक मुलगी धाकट्यांना वजाबाकी समजवायची. "घरमा पीठ कमी शे? मंग शेजारीनपाईन मांगी लय ना!" पोरं हसायची आणि शेजारणीकडून पीठ मागून आणावं तसा दशक बरोबर उसना घ्यायची. पायरीवर सगळ्यात जास्त तीच उभी राहिली. हुशार आहे, वळण लागेल, असं मी स्वतःला सांगायचो. हळूहळू तिने समजवणं सोडलं. विचारलं की पाटीवर उत्तर लिहायची. मला वाटलं, सुधारली.

तिला अमळनेरच्या शाळेत पाचवीत घालायचं गावाने ठरवलं. एसटीचा पास मंडळी काढणार होती. तिचे आजोबा, ज्यांना सगळे नाना म्हणत, ती आणि मी गेलो. हेडमास्तरांनी विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, शब्द नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तेच.

"कच्ची आहे हो," ते मला म्हणाले. "वर्षभर थांबा."

तिला तिच्या बोलीत विचारा, एवढं म्हणायचं होतं. पण ते 'तुम्हीच विचारा' म्हणाले असते, आणि मला तिथे त्या बोलीत बोलावं लागलं असतं. मी म्हणालो, "बरं, सर."

स्टँडवर नाना तिच्यावर ओरडले, "मुकी शे का तू? आजी शे, माय शे, सांगता येस नही?"

"शे म्हनानं नही ना, नाना."

नाना हसले. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी मी नियम बंद केला. कारण कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ती आली नाही. आईबरोबर शेतात निंदायला जाऊ लागली. वर्षाने मंडळींनी तिचा विषय काढला तेव्हा नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आते." पास दुसऱ्या पोराला मिळाला.

वजाबाकी मी शिकवत राहिलो. एकक, दशक, उसना. धाकट्यांना ती फारशी कळली नाही.