साडूभाऊंचा हिमालय

देवानं हिमालय एकदाचा घडवला आणि तो पुढच्या कामाला लागला. आमच्या साडूभाऊंना हे कधीच जमलं नाही. त्यांच्या कॉम्प्युटरमधल्या हिमालयाचं काम एवढं लांबलं, की पुढं पुढं लोकांनी विचारायचंही सोडून दिलं. कुणी चुकून विचारलंच, तर साडूभाऊ चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "बस भिया, थोडासा कलर बाकी आहे." त्या थोड्याशा कलरमध्ये आमच्या घराण्यातली दोन बारशी आणि एक मौंज होऊन गेली.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार देवासचे, नोकरी बिजली दफ्तरात. घराणं मूळचं साताऱ्याकडचं, पण तिथून निघून इतक्या पिढ्या झाल्या, की सातारा आता फक्त लग्नपत्रिकेवर छापायच्या कामाचा उरला आहे. शिक्षण सगळं हिंदीतून. बोलतात ते मराठीच, पण पोह्यांवर शेव घालताना आमच्या माळव्यात जसा हात सैल सुटतो, तशी त्यांच्या मराठीवर हिंदी आणि माळवी सैल हातानं पडलेली असते. खाणाऱ्याला पोहे शोधावे लागतात. आम्ही सगळे थोड्याफार फरकानं असंच बोलतो, त्यामुळे त्यात काही चमत्कारिक आहे असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

चमत्कारिक होता तो त्यांचा कॅमेरा. तो घरात आल्यापासून साडूभाऊंनी उघड्या डोळ्यांनी काही पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. देवासच्या टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेले की ते रांगेत उलटे चालतात, कारण त्यांना मागून येणाऱ्यांचे चेहरे हवे असतात. देवीला त्यांची पाठच ठाऊक आहे. एकदा त्यांच्या वडिलांच्या श्राद्धाला ऐन वेळी सावली पडली, तर यांनी गुरुजींना पिंड पुन्हा ठेवायला सांगितलं. गुरुजी धारचे, जुन्या वळणाचे. ते शांतपणे म्हणाले, की पितर जेवून उठले, आता त्यांना परत पाटावर कसं बसवू? मुलाच्या लग्नाची फिल्म साडूभाऊंनी बाहेरच्या माणसाला करू दिली नाही, स्वतःच करायला घेतली. ती अजून हळदीपर्यंत आली आहे. नवरदेवाचा मुलगा शाळेत जातो.

त्यांच्या कलेत दोन दोष होते आणि दोन्ही मुळावर येणारे. पहिला म्हणजे शूटिंग करताना त्यांची जीभ थांबत नसे. जे डोळ्यांना ढळढळीत दिसतंय तेच ते तोंडानं सांगत. "हा पहाड. पहाडाच्या मागे अजून एक पहाड. इकडून बकऱ्या येऊन राहिल्या. एक बकरी थांबली. आता चालून राहिली." दुसरा दोष बटणाचा. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, एवढं सोपं ते बटण. पण साडूभाऊ मध्येच कुठंतरी एकदा जास्तीचं दाबत आणि तिथून सगळा कारभार उलटा होई. डोळ्याला लावला की कॅमेरा बंद आणि गळ्यात लोंबकळू लागला की चालू. त्यांच्या घरी सुरक्षित असलेल्या शूटिंगपैकी बरंचसं त्यांच्या स्वतःच्या पोटाचं आहे.

आता हिमालयाकडे येतो. आमचे सासरे धारला राहतात. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात. सरकारी नोकरीत धरमपुरी, टोंकखुर्द असे मुलूख फिरले, पण जन्मभर पाहिला तो सपाट माळवाच. धरमपुरीला असताना नर्मदा भरपूर पाहिली. तेव्हापासून म्हणायचे, की पाणी पाहून झालं, आता त्याचा बर्फ झालेला बघायचा आहे. ते राहूनच गेलं. मग इंदूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की दोन्ही डोळ्यांचा पडदा हळूहळू खराब होत चालला आहे, थांबवता येणार नाही. दादांनी ऐकून घेतलं. परतीच्या वाटेवर गाडीत एवढंच म्हणाले, "मग त्याच्या आधी बर्फ बघून घेतो."

म्हणून आम्ही दोन मुली आणि दोन जावई त्यांना घेऊन गढवालात चोपत्याला गेलो. शेवेचे पुडे एवढे बरोबर होते, की बद्रीकेदारच्या यात्रेकरूंना वाटत गेलो असतो तरी उरले असते. साडूभाऊंच्या कॅमेऱ्याला स्वतंत्र पिशवी, पिशवीला स्वतंत्र सीट. वाटेत प्रत्येक वळणावर गाडी थांबे, आम्ही उतरायचं, गाडीनं मागं जायचं आणि पुन्हा वळणावरून यायचं. चालक गढवाली, देवभोळा माणूस. तिसऱ्या दिवशी त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, की या साहेबांचा काही नवस वगैरे आहे का?

बर्फ दिसायला लागला तेव्हा साडूभाऊंनी दादांना बजावलं, की मी सांगितल्याशिवाय तिकडे बघायचं नाही. बिचारे दादा जन्मभर ज्याची वाट पाहिली त्याच्यापासून दोन हातांवर, गाडीत मान खाली घालून बसून राहिले. बाहेर साडूभाऊंनी कॅमेरा डोळ्याला लावून शिखरं घेतली, झाडं घेतली, मग बटण दाबून कॅमेरा गळ्यात सोडला आणि दादांना उतरवायला आले. जमीन निसरडी होती. त्यांनी दादांचा हात आपल्या काखेत घट्ट धरला आणि सवयीप्रमाणे तोंड चालू ठेवून त्यांना पुढं नेलं. दादा वाकले, त्यांनी ओंजळीत बर्फ घेतला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मी जरा लांब होतो. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही.

पाच मिनिटांनी साडूभाऊंच्या लक्षात आलं, की बटणानं पुन्हा दगा दिला. शिखरं आलीच नव्हती आणि नंतरचा सगळा वेळ कॅमेरा गळ्यात लोंबकळत चालू होता. ते दादांना म्हणाले, की एकदा परत गाडीत बसा, परत उतरा आणि बर्फ बघून पहिल्यासारखा चेहरा करा. दादा हसले. "आश्चर्य एकदाच होतं, जावईबापू. परत केलं तर ते नाटक." पण साडूभाऊ आधार देत परत आणत असताना दादांनी स्वतःच विषय काढला. म्हणाले, "मला इथं सगळं धूसर दिसतंय. घरी टीव्हीवर मोठं करून दाखवा. जवळ बसून बघेन. पण लवकर करा."

साडूभाऊंनी लवकर केलं नाही. आल्या आल्या त्यांनी शूटिंगचा कच्चा माल आम्हाला दाखवला, तेव्हा दादा धारला होते. त्यात शिखरांच्या जागी एक लांबलचक तुकडा नुसत्या तपकिरी बुटाचा होता. आम्ही हसून हसून बेजार झालो आणि आवाजाकडे कुणी लक्षच दिलं नाही. साडूभाऊंच्या मंडळी, म्हणजे आमच्या ताई, म्हणाल्या, की हिमालय आमच्या ह्यांच्या पायाशी आला. मग साडूभाऊंनी एक नमुन्याचा तुकडा घरच्या ग्रुपवर टाकला आणि तिथं खरा घात झाला. नात्यातल्या पुण्याच्या एका सुनेनं हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून विचारलं, की ही कॉमेंट्री मराठीत आहे की हिंदीत? तिच्या मागं आणखी चौघं हसली.

साडूभाऊंनी तो तुकडा काढून टाकला. आम्ही वर्षानुवर्षं टिंगल केली त्यानं या माणसाच्या अंगावर ओरखडा उठला नव्हता, पण हे त्यांना लागलं. आम्ही त्यांच्या वेडाला हसायचो, ती त्यांच्या बोलण्याला हसली. त्यानंतर फिल्ममधून स्वतःचा आवाज काढणं हा त्यांचा एकच ध्यास झाला. मला म्हणाले, "भिया, तुझं मराठी साफ आहे. तू लिहून दे." मी "नगाधिराजाच्या धवल उत्तरीयाचे दर्शन" वगैरे बरंच काही ठोकून दिलं. ते त्यांना नीट वाचता येईना. मी ते हिंदी वळणानं लिहून दिलं, तर उच्चार अडले. "उत्तरीय"पाशी तर ते गाडी गाळात रुतावी तसे रोज रुतायचे. मग तो आवाजही काढला आणि बासरी घातली. पण बकरीच्या तालाला बासरी जुळेना, म्हणून बकरी काढली.

इकडं दर रविवारी धारहून दादांचा फोन येई. फिल्म झाली का? झाली नाही हे ऐकून ते कधी रागावले नाहीत. आधी ते पेपरातले मथळे वाचत, मग मथळेही सासूबाईंना मोठ्यानं वाचायला सांगू लागले. मग एकदा मी गेलो, तेव्हा बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, की थोरले जावई आलेत का धाकटे? मी देवासला जाऊन साडूभाऊंना चांगलं फैलावर घेतलं. आहे तशी दाखवा म्हणालो. ते म्हणाले, "अशी कच्ची कशी दाखवणार? दादांची फिल्म आहे, भिया. दादांच्या फिल्मवर कुणी हसायला नको." मला त्यांचा संतापही आला आणि ते पटलंही.

फिल्म झाली ती दादांच्या वाढदिवसाला. वरातीमागून घोडं. धारच्या घरी नवा मोठा टीव्ही लावला, दादांची खुर्ची अगदी जवळ ठेवली. सुरुवातीला आमच्या सगळ्यांची नावं फिरत फिरत येत होती, नमनालाच घडाभर तेल. मग बासरी आणि वाटेतले पहाड. खरं सांगतो, सुंदर झाली होती. एवढी स्वच्छ आणि देखणी, की साडूभाऊंची आहे यावर विश्वास बसू नये. दादा मान जरा तिरकी करून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आता काय आहे?" माझी बायको म्हणाली, की पहाड आहे. कसा? तर मोठा आहे. आणि आता? आताही पहाडच आहे. आमच्यापैकी कुणालाच त्याच्यापुढं काही सांगता येईना. खोलीत नुसती बासरी वाजत राहिली.

दादा म्हणाले, "जावईबापू, तुमचा आवाज कुठं गेला?"

"काढला दादा. ठीक नव्हता."

"मला तर त्यानंच दिसत होतं," दादा म्हणाले.

साडूभाऊ उठले. त्यांनी बासरी बंद केली. कच्चा माल ते कायम सोबत बाळगतात, मंगळसूत्रासारखा. तो त्यांनी टीव्हीला लावला. आणि खोलीत तो ओळखीचा, शेव जास्त झालेला आवाज सुरू झाला. पहाडाच्या मागे अजून एक पहाड आला, बकऱ्या आल्या, एक थांबली. दादांनी डोळे मिटले आणि पाठ खुर्चीला टेकली. बघता बघता तो बुटाचा तुकडा लागला. साडूभाऊ पुढं ढकलणार होते, पण आवाज सुरू झाला आणि त्यांचा हात थांबला.

"आरामात दादा. इथं पाय ठेवा. आपण बर्फावर उभे आहोत. उजव्या हाताला देवदार आहेत, एकदम काळे, त्याच्यावर बर्फ अटकून राहिलाय. समोर उजेड दिसून राहिलाय ना, ते चौखंबा. चार टोकं आहेत. एकावर ढग बसलाय. वाका. घ्या हातात." मग दादांचा आवाज, लहान मुलासारखा, "अरे, हा तर भाजतो."

तेव्हा दादांचा हात जावयाच्या काखेत होता. आणि जावई ते सगळं कॅमेऱ्यासाठी किंवा आमच्यासाठी बोलत नव्हता, दादांना दिसावं म्हणून बोलत होता. हे मला इतक्या दिवसांनी, त्या खोलीत कळलं.

दादा डोळे मिटून हसत होते. ओंजळ मांडीवर उघडी होती. म्हणाले, "चित्र कसं आलंय?"

साडूभाऊंनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर एक तपकिरी बूट, थोडा चिखल आणि सुटलेली नाडी.

"एकदम साफ, दादा," ते म्हणाले.

दादांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं. मी मान हलवली. मग ती त्यांना दिसणार नाही हे लक्षात आलं, म्हणून मोठ्यानं म्हणालो, "हो दादा. चारही टोकं आलीत."