घरटी एक लेकरू

भाऊबिजेनंतर चौथ्या दिवशी तांड्यावर ट्रक येणार होता. मानोऱ्याकडच्या आमच्या भागात हे दरवर्षीचंच. ऊसतोडीला निघालेली माणसं ट्रकमध्ये चढतात आणि त्यांच्यामागोमाग भांडी, गाठोडी, शेळ्या अन् पोरं. पोरं परत येतात ती चैत्रात, तोवर शाळेचं वर्ष हातचं गेलेलं असतं. माझ्या वर्गातली एक मुलगी आदल्या वर्षी अशीच गेली होती. जाताना अभ्यासात सगळ्यांत पुढे होती, परत आली तेव्हा फळ्यापुढे उभी राहून रडली. त्या दिवशी मला इतका राग आला, की तो कोणावर काढावा तेच कळेना.

तो मी दिवाळीआधीच्या पालकसभेत काढला. "यंदा पोरं नेऊ नका. शाळेत ठेवू, जेवू घालू," असं भर सभेत बोलून बसले. सरकारी वसतिगृहाच्या यादीत आमची शाळा यंदा नव्हती, हे ठाऊक असूनही बोलले. एक रिकामी खोली होती. खिचडी शिजवणाऱ्या ताई दोन्ही वेळचं रांधायला तयार होत्या, तांड्यावरचं एक म्हातारं जोडपं मुक्कामाला यायला तयार होतं. नव्हतं ते फक्त धान्य. त्या मुलीची आई मागच्या रांगेतून उठली.

"ठेवतो मॅडम. पन पयले दाखवा. पाच महिने लेकरू काय खाईन, ते मले डोयानं दिसू द्या."

सोळा मुलांचे आईबाप तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. हातात अठरा दिवस होते.

मला मागायची सवय नाही. शेजारून वाटीभर साखर आणायची तरी माझे पाय जड होतात, बिनसाखरेचा चहा पिऊन मोकळी होते. तरी वही घेतली, वर ठळक अक्षरात कारण लिहिलं आणि थेट गावातल्या सगळ्यांत मोठ्या बागाईतदाराकडे गेले. त्यांचं नाव वर असलं की बाकीच्यांचा हात सैल होईल, असा माझा हिशेब. ओट्यावर टेकले आणि खाली मान घालून म्हटलं, "भाऊ, जमेल ते द्या." त्यांनी वही पाहिली, मला पाहिलं, पाचशे एक लिहिले आणि चहा सांगितला. मी खुशीत बाहेर पडले.

पुढच्या घरी तीनशे मिळाले. त्याच्या पुढे दोनशे एक्कावन्न. ज्यांची संत्र्याची बाग आहे, दारात नवा ट्रॅक्टर आहे, त्यांनीही वही वरपासून खालपर्यंत नीट वाचली आणि दोनशे एक लिहिले. गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत मी एक्कावन्नावर आले होते. मनातल्या मनात सगळ्या गावाला चिक्कू ठरवून मोकळी झाले. सहा दिवस फिरले आणि जमलं ते पंधरा दिवसांच्या ज्वारीपुरतं. रोज सकाळी ती मुलगी हजेरीला "हजर" म्हणायची, आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही.

इंझोरीहून एक माळीणबाई आमच्या बाजाराला भाजी घेऊन यायच्या. वांगी घेता घेता मी त्यांच्यापुढे गावाच्या नावानं बोटं मोडली. त्यांनी ऐकून घेतलं.

"वहीत पयलं नाव कोनाचं लिवलं मॅडम?"

मी सांगितलं. त्या हसल्या.

"मंग तुमीच वरून झाकन लावलं नं. त्याच्या वर कोन लिवन? उद्या त्याच्याच विहिरीचं पानी लागते, त्याच्याच ओट्यावर बसा लागते. जास्त लिवलं त म्हनतीन, लय मोठा होऊन राह्यला."

मी याच जिल्ह्यातली. गणपतीच्या वर्गणीत, सप्त्याच्या वर्गणीत हे लहानपणापासून पाहिलेलं. तरी ही चूक मीच केली, म्हणून स्वतःचाच संताप आला. "मग आता?" मी विचारलं. "आता काय, त्यालेच जाऊन पुसा," त्या म्हणाल्या आणि दोन वांगी वर टाकली.

भाऊंच्या ओट्यावर पुन्हा गेले तेव्हा त्यांनी मला बराच वेळ ताटकळत ठेवलं. शाळा समितीचे अध्यक्ष तेच, त्या रिकाम्या खोलीची किल्लीही त्यांच्याकडेच. मनात आणलं असतं तर एका शब्दात सगळं मोडलं असतं. "कमी पडले वाटते?" ते म्हणाले. 'तुमच्यामुळेच' हा शब्द माझ्या ओठापर्यंत आला होता. तो गिळला आणि घडलं ते सरळ सांगून टाकलं.

त्यांनी वही मागून घेऊन पुन्हा वाचली. मग म्हणाले, "तुमी म्हनलं जमन ते द्या. म्या जमलं ते देल्लं. किती लागते ते तुमी सांगतलंच कुठं? सांगा आता, एका लेकराले पाच महिन्याले किती लागते?"

मला सांगता येईना. लाजेच्या भरात मी तेवढंही काढलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांच्याच सुनेला विचारत, मी एका मुलाची ज्वारी, गहू, डाळ, तेल कागदावर मांडलं. भाऊंनी तो कागद वाचला.

"एक लेकरू माह्याकडं. लोकायले असंच मागा, घरटी एक लेकरू. मंग माह्या वर जायाचा सवालच नाही."

मी पुन्हा दारोदार फिरले. संत्रीवाल्यांनी एक लेकरू घेतलं, माळीणबाईंच्या वाडीतल्या दोन घरांनी मिळून एक घेतलं. ट्रकच्या दिवसापर्यंत नऊ लेकरं झाली. सात राहिली.

सकाळी ट्रक लागला तेव्हा सगळे पालक खोलीत धान्य बघायला आले. त्या मुलीच्या आईनं एका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिला, खालपर्यंत ज्वारीच आहे ना म्हणून. बाहेर टोळीचा मुकादम हॉर्न वाजवत होता.

"सोळा जनायले हे कुठवर पुरन?" त्या आईनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. सगळ्यांचे कान माझ्याकडे होते.

"पौष सरेपर्यंत."

"अन् मंग?"

"मग परत मागीन."

"नाही देल्लं कोनी त?"

"तरी मागीन."

ती खोलीबाहेर पडली. तिची मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसलेली होती. आई ट्रकपाशी गेली, आपल्या बोलीत काही बोलली, बाळाला स्वतःच्या कडेवर घेतलं आणि मुलीला हात धरून खाली उतरवलं. मग बाकीच्या आयाही आपापली पोरं उतरवू लागल्या.

ट्रक वळणाआड गेला. मुलगी माझ्याजवळ आली, रडत नव्हती.

"मॅडम, मी एकच भाकर खाल्ली त माघ निंगन काय?"

"दोन खाय," मी म्हटलं, आणि त्याच दुपारी पुढच्या गावाला मागायला निघाले.