आईनं बाजूला सारलेली कुपी

माझ्या आईला माझ्या चुलतीनं फसवलं आणि आईनं मला. मधल्यामध्ये मी जुन्नरच्या अत्तरवाल्या चाचांशी भांडलो. त्या माणसाचा यात काडीचा दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकतो.

आळेफाट्याला मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. हा धंदा मला कुणी मांडून दिला नाही. वडील गेले तेव्हा आमच्याकडं वर डोंगरात, आहुप्याच्या अंगाला थोडी भाताची खाचरं होती, आणि आईनं रानातून गोळा केलेला हिरडा. तो विकायला ती मला बरोबर न्यायची. सौदा करायला मी तिच्याकडूनच शिकलो. "जे पायजे त्याच्याकडं बघायचं न्हाई," ती सांगायची. "बघितलं की भाव चढला."

पुढं आम्ही खाली शिनोलीत घर बांधलं. चुलता-चुलतीही शेजारीच राहायला आले.

गेल्या संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू होतं. चुलती बायकांच्या मनगटांना अत्तर लावत होती. आई आत स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वाट्या भरत बसलेली. मी पाणी प्यायला आत गेलो, तर तिनं माझ्या बायकोचा हात धरलेला. मला वाटलं, बांगड्या बघतेय. ती मनगट हुंगत होती. मला पाहिलं आणि हात सोडून म्हणाली, "बांगडी ढिली झालीय हिची."

तिथंच ठरवलं, हिला अत्तर घ्यायचं. हिचं स्वतःचं.

डोळे तपासायच्या निमित्तानं तिला जुन्नरला नेलं आणि येताना अत्तराच्या दुकानात शिरलो. चाचांनी कापसाचे फाये पुढं केले. मला लगेच शंका आली. फायाला एक आणि बाटलीत भलतंच, असं सर्रास चालतं. मी म्हटलं, "बाटलीतलंच दाखवा. आणि झाकण मी उघडणार."

"उघडा की," चाचा म्हणाले. "पण राव, अत्तर हाय हे. वांग्यावानी दाबून बघू नका."

आई हसली. मग एकेक कुपी नाकाशी नेऊ लागली. मोगरा, चंदन, हिना. "बरं हाय." "हे बी बरंय." खसाची कुपी आली, ती मात्र तिनं नाकाजवळ न नेताच बोटानं बाजूला सारली. "हे नगं." गुलाबाची उचलून म्हणाली, "हेच दे."

मी गुलाबाचं सील दोनदा तपासलं. उजेडात धरून रंग पाहिला. "पाणी निघालं तर इथंच येऊन ओतीन," असं चाचांना बजावलं. ते म्हणाले, "पावणं, तुमी आईला काय देताय, अत्तर का कोर्टाची नोटीस?"

थोड्याच दिवसांनी चुलतीच्या दारावरून जाताना गुलाबाचा वास आला. तसाच आत घुसलो. "काकू, आईची बाटली तुझ्याकडं कशी?"

"चोरली का काय मी?" ती उसळली. "तिनंच दिली, आल्या आल्या. म्हणली, तुला गुलाब आवडतो म्हणून आणला."

"मी तिला आणला होता."

"आरं, ती लावंल का? तुझा बाप गेला तवाच मी तिला सांगितलं व्हतं, आता वास न् फुलं तुला न्हाईत. लोक काय म्हंतील?"

घरी आलो. आई भाकरी थापत होती.

"दुकानातच ठरवलं होतंस ना, काकूला द्यायची?"

"वाया गेली असती, लेकरा."

"आणि ती खसाची? वास तरी घ्यायचास."

तिनं भाकरी उलटली. मग तव्याकडंच बघत म्हणाली, "नाकाजवळ न्यायची कशाला? मग खाली ठिवता आली नसती."

अख्खा सौदा माझ्या डोळ्यांसमोर झाला होता आणि मी गुलाबाचं झाकण तपासत बसलो होतो.

तेव्हापासून एक गोष्ट मला सोडत नाही. वर आमच्या गावात नवरा गेलेल्या बायका केसात फूल माळायच्या. एकदोघींनी दुसरं घर केलं, त्यांनाही कुणी वाळीत टाकलं नाही. मी लहान होतो, पण आंधळा नव्हतो. चुलती त्याच गावची. मग हा कायदा तिनं आणला कुठून? खाली आल्यावर मोठ्या घरांतल्या बायकांत बसायला मिळावं म्हणून आणला असेल, असा माझा संशय आहे. आणला तो आणला, पाळायला माझ्या आईला लावला.

खसाची कुपी मी परत जाऊन आणलीय. आईच्या पेटीत आहे, सील तसंच. ती फोडायची की नाही, ते आई बघेल. पण काकूनं माझ्या ओट्यावर यावं, आईच्या समोर बसावं आणि तिच्या तोंडाकडं बघून सांगावं, की हा कायदा आईला सांग, असं काकूला कुणी सांगितलं होतं. चहा त्यानंतर मिळेल.